फरशीखालची झर

विहिणीच्या घरी आठ दिवस राहायला गेलेली बाई आमच्या बार्शीत तरी मी पाहिलेली नाही. विहिणीकडं जायचं ते साडी-चोळी घ्यायला, दुपारचं जेवून संध्याकाळच्या गाडीला परत. मी मात्र यंदा चैत्रात बॅग भरली आणि सिंधुदुर्गात आठवडाभर राहून आले. लेक-जावई पुण्यात असतात, विहीणबाई कुडाळच्या पुढं घाटाच्या पायथ्याशी एकट्या. जावयानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आईच्या बागेला यंदा पाणी नाही. तुम्ही येऊन बघाल का, असं ती विचारतेय." पाण्याचं अडलं आणि भूगोलाच्या निवृत्त बाईंना बोलावणं आलं, याचा मला अभिमानच वाटला. तो अभिमान किती दिवस टिकला ते पुढं येईलच.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. विहीणबाईंची तशी ताकीद आहे. "नाव लिवलात तर मोबाईल घेवन पोरा येतली आणि कोंडीत उड्यो मारतली," असं त्या म्हणाल्या. कोंड म्हणजे ओढ्यातला खोल डोह. तिची गोष्ट पुढं आहे.

देवबाग

आधी समुद्र पाहून घेतला. बार्शीची बाई कोकणात उतरली की तिला आधी समुद्र दाखवावा, नाहीतर ती मनात कुढत राहते. देवबाग हा वाळूचा लांबट पट्टा आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड, घरं, मच्छीमारांच्या होड्या आणि पर्यटकांना बोटीत बसवणारी माणसं. मी बोटीत बसले, मळमळलं, उतरले. जेवताना बांगड्याचा काटा घशात अडकला, तेव्हा ज्यांच्या घरी उतरले होते त्या नीलमताईंनी भाताचे गोळे न चावता गिळायला लावले. समुद्राची हौस तेवढ्यावर फिटली.

मला खरं वेड लावलं ते त्यांच्या अंगणातल्या विहिरीनं. विहीर कसली, पुरुषभर खोलीचा चिऱ्यांनी बांधलेला खड्डा, आणि समुद्र चाळीस पावलांवर. नीलमताईंनी कळशीभर पाणी ओढून दिलं. मी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, मग सगळा तांब्या संपवला. गोड पाणी. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं मचूळ असतं की चहाला साखर जास्त लागते, आणि इथं लाटेच्या तुषारांत उभं राहून गोड पाणी.

"ह्या पावसाचा पाणी," नीलमताई म्हणाल्या. "वाळूत मुरता आणि थयच रवता. खाली खारा आसा, वर गोडा. वायच वायच काढूचा. मोठो पंप लावलास काय खारा वर येता."

एकतीस वर्षं मी 'भूजल' हा पाठ खडूनं आकृती काढून शिकवला. खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी तरंगतं, हे वाक्य मी किती वह्यांत तांबड्या शाईनं दुरुस्त केलं असेल. पण त्या वाक्यावर घर चालवणारी बाई मला पहिल्यांदाच भेटली. रोज किती कळशा काढायच्या हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या सासूला ठाऊक होतं, म्हणून तिला ठाऊक होतं.

वाडीत

कुडाळला आठवड्याचा बाजार होता. तिथून विहिणीसाठी साडी आणि स्वतःसाठी टोपी घेतली, आणि टोपी एसटीतच विसरले. गाडी डोंगराकडं वळल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू. लाल-पिवळी बोंडं आणि त्यांचा तो डोक्यात चढणारा वास. मधेच झाडी संपते आणि सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. काळपट तांबडा, तव्यासारखा तापलेला, वर गवताची वाळलेली काडी. आमच्या माळापेक्षा रखरखीत. पण हे पठार पावसाळ्यात मैलभर पाणी पिऊन घेतं, आणि तळाच्या चिकणमातीला टेकलं की ते पाणी हळूहळू कडेकडं सरकतं. सड्याची कड जिथं संपते तिथं झरी फुटतात. आषाढातला पाऊस चैत्रात बाहेर येतो. बँकेतली ठेव मुदत भरल्यावर मिळावी तसा.

थांब्यावर विहीणबाई उभ्या होत्या. त्यांचं नाव इंदुमती, वाडीत त्यांना इंदूवयनी म्हणतात. वय पासष्टच्या घरात, हाडं काटक, पायात कधी चप्पल नाही. शाळा चौथीपर्यंत. "येवा विहीणबाय," म्हणत त्यांनी माझी बॅग डोक्यावर घेतली आणि मी नको नको म्हणेपर्यंत चालूही लागल्या.

घरी उकड्या तांदळाची पेज, कोवळ्या फणसाची भाजी आणि ओल्या काजूगरांची उसळ होती. भाकरीशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही हे त्यांना लेकीनं सांगितलेलं असणार, कारण ज्वारीच्या भाकरीही होत्या, जाड आणि जरा कच्च्या, खास माझ्यासाठी शिकून केलेल्या. मी दोन खाल्ल्या. काजूगरांची उसळ मात्र अशी होती की ज्वारी आणि शेंगदाण्यावर वाढल्याचा त्या क्षणी पश्चात्ताप झाला.

मग त्यांनी मला परसात नेलं.

उतारावर माड-पोफळीची बाग. त्यांच्या नवऱ्यानं लावलेली, नवऱ्याच्या मागं बारा वर्षं त्यांनी एकटीनं सांभाळलेली. घराची मिळकत तीच. पोफळीचे झाप, म्हणजे झावळ्या, खाली लोंबत होते, धाकट्या झाडांचे शेंडे पिवळे पडले होते. बागेतून वाहणारा पाट, म्हणजे ओढ्याचं पाणी बागेत आणणारी अरुंद चारी, कोरडी ठणठणीत. पाच बागा या एका पाटावर आहेत. प्रत्येकीची तीन दिवसांची पाळी, आणि पाळीवरून इथं कधी भांडण झालेलं नाही म्हणे. आता पाळी कसली, पाणीच नाही.

"झर आटली," विहीणबाई म्हणाल्या.

आता मला सगळं सांगायलाच हवं. ती झर मी पाहिलेली होती. गेल्या वर्षी नातवाचा नवस फेडायला मी दोन दिवस इथं आले होते, तेव्हा देवळात वाडीची बैठक चालली होती. झर सातेरीदेवीची मानतात. सड्याच्या कडेला, करवंदीच्या जाळीत एक गुडघाभर टाकी होती. दगडांची, तळाला काळा चिखल, त्यात पाला, मुळ्या आणि बेडकांची पिल्लं. मागच्या खडकाच्या भेगेतून बोटभर धार पडायची. मुंबईला असलेल्या वाडीकरांनी वर्गणी पाठवली होती आणि झरीचं सुशोभीकरण करायचं ठरत होतं. पुढाकार भिकाजीतात्यांचा. हे मुंबईत नोकरी करून परतलेले गृहस्थ, शर्टाच्या खिशाला कायम पेन. त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी भूगोलाच्यो. तुमका काय वाटता?"

आणि मी, उंटावरची शहाणी, उभी राहून म्हणाले, "धार भेगेतून येते. खालचा चिखल उपसा, तळ पक्का करा, वर फरशी घाला. डास होणार नाहीत." लोकांनी मान डोलावली. मला नारळ दिला. विहीणबाई बायकांत मागं बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. मी ते कौतुक समजले.

काम झालं. पांढरी फरशी, चिऱ्याची भिंत, धारेला गोमुख. पावसाळाभर गोमुखातून धो धो पाणी आलं. दिवाळीनंतर धार बारीक झाली, शिवरात्रीला करंगळीएवढी, शिमग्याला बंद. पाऊस तर भरपूर झाला होता. कुणी म्हणालं देवी रुसली. तात्या म्हणाले सड्यावर बोअर मारू, त्यांनी गाडीवाल्याशी बोलणंही केलं.

व्हाळातून

इथं ओढ्याला व्हाळ म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी मला व्हाळातून चालवत वर नेलं. दगडांवरून त्या अनवाणी आणि मी बूट घालून. पहिल्याच शेवाळावर मी सपशेल बसले. "वायणा काढा," त्या म्हणाल्या. बूट काढले, आणि खरंच, तोल सावरला.

झरीच्या वरच्या अंगाला व्हाळाचा एक तुकडा अजून जिवंत होता. तिथं दुसरी एक लहानशी झर आहे, पाटापर्यंत न पोचणारी. मी पाय घातला आणि चटकन काढला, इतकं थंड. विहीणबाई पाण्यात चालत म्हणत होत्या, "हय थंड आसा... हय नाय... हय परत थंड." त्यांचे तळवे दगडांच्या फटीतून जमिनीखालचं पाणी कुठं कुठं वर येतंय ते टिपत होते. पुस्तकात आहे की भूजलाचं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं, म्हणून ते उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात कोमट लागतं. मी ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "व्हय, माघात हयच बरा लागता, उबदार," आणि पुढं गेल्या.

त्या वीस-पंचवीस हातांच्या तुकड्यात काय नव्हतं. केवड्याच्या मुळ्यांत तपकिरी बेडूक. पाण्यावर झुकलेल्या काडीवर निळ्या शेपटीच्या टाचण्या, चतुराच्या जातीच्या. एक खेकडी, पोटाखाली पिल्लं घेऊन. दगड उलटला तर खाली बारीक वाळूचे कण चिकटवून केलेली नळी, आणि त्या नळीत राहणारा किडा, डोकं बाहेर काढून. मासे हे किडे खातात, असं विहीणबाई म्हणाल्या. पाला कुजतो, किडे पाला खातात, मासे किडे आणि धीवर, म्हणजे खंड्या, मासे. बाहेर सड्यावर चटके बसत होते आणि इथं श्रावण चालला होता. मी बाई माणूस एकसष्ट वर्षांची, पण मांडी घालून तिथंच पाण्यात बसले. इतकी सुखी मी फार वर्षांत नव्हते.

मग खाली आमच्या झरीपाशी आलो. पांढरी फरशी उन्हात डोळ्यांवर येत होती. कोरडी. एक सरडा मधोमध. गोमुखाच्या ओठाला वाळलेलं शेवाळ.

"मी लगीन होवन इलंय तेवापासून दर चैतात टाकी हातान साफ करीत इलंय," विहीणबाई म्हणाल्या. "चिखलात हात घातलो काय खालसून पाणी हाताक लागायचा. गुदगुल्यो केल्यासारख्या. भेगेतली धार वायचशी. खरी झर चिखलातसून वर येय."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी फरशीवरच बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत त्या दिवशी?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमी विहीण. तेतूर मास्तरीण. चार लोकांत तुमचा तोंड मी कसा मोडू?"

 वाटलं, तिथल्या तिथं जमिनीनं पोटात घ्यावं, पण जमिनीचं तोंड मीच तर फरशीनं बंद केलं होतं.

पाणी कुठं गेलं तेही त्यांनी दाखवलं. टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला भिकाजीतात्यांची काजूची झाडं आहेत. तिथली जमीन चिखलानं भरलेली, झाडांची पानं पिवळी. मुळं पाण्यात बसली होती. वरून कोंडलेल्या पाण्यानं बाजूनं वाट काढली होती आणि ते दगडगोट्यांत उतरून कुणाच्याच कामी न येता नाहीसं होत होतं.

शेवटी कोंड. झरीच्या खाली, व्हाळाच्या वळणावर खडकांत कोरलेला मोठा डोह. देवीचा म्हणून त्यातले मासे कुणी मारत नाही. पावसाळ्यात चढणीचे मासे वर येतात, आणि पाणी ओसरलं की खडस जातीचे मोठे मासे इथंच उन्हाळा काढतात. पाटाला पुरून उरलेलं झरीचं थंड पाणी येत राहतं, त्यावर ते जगतात. आता कोंडीत कमरेएवढं पाणी उरलं होतं, हिरवट, कोमट. पन्नासेक मासे पृष्ठभागाशी तोंड काढून उभे होते. तोंडं उघडत होती, मिटत होती. कडेला दोन मेलेले.

 विहीणबाई म्हणाल्या, "सड्यावर बोअर मारल्यानी तर ह्येंका काय गावतला?" आणि उत्तर त्यांना माहीत होतं. बोअरचं पाणी नळानं घरी आलं असतं, बागेतही गेलं असतं. कोंडीत ते कुणी सोडलं नसतं.

बोअरची गाडी चार दिवसांनी येणार होती. त्याआधी फरशी फुटायला हवी होती.

देवळात

मी संध्याकाळीच तात्यांकडं गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, फरशी देवीच्या नावान घातली, तिची पूजा झाली. आता ती फोडूची तर देवीक इचारूक व्हया." यात त्यांचा खोटेपणा नव्हता. त्या फरशीची पहिली लादी त्यांनी स्वतः बसवली होती, आणि मुंबईच्या प्रत्येक घराला त्यांनीच पत्र लिहिलं होतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लावायचा ठरला. आमच्याकडं हा प्रकार नाही. देवीच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवतात, गुरव प्रश्न विचारतो, आणि पाकळी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्यातली शास्त्राची बाई आतून चडफडत होती. भूजलाचा प्रश्न पाकळीवर सोडायचा? पण माझ्या शास्त्रानं काय दिवे लावले होते ते फरशीवर दिसत होतं, म्हणून तोंड मिटून बसले.

देवळात वाडीची पंधरा-वीस माणसं जमली. पुरुष पुढं, बायका खांबांच्या मागं. गुरवमामा, सडपातळ म्हातारा, उघड्या अंगानं देवीसमोर उभा राहिला. त्यानं पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "आई सातेरी, तुज्या झरीची फरशी फोडूची काय?"

 माशी बसली तरी पाकळी पडेल असं मला वाटत होतं. बऱ्याच वेळानं एक पाकळी सुटली. डावी.

तात्यांनी हात जोडले. दोघं-तिघं उठायला लागले. 

"गुरवानूं," खांबामागून विहीणबाईंचा आवाज आला. "इचारण्यात चूक झाली."

गुरवमामा वळला. "कसली चूक, इंदूवयनी?"

"आदी गाऱ्हाणा घालूक नाय. चूक कोणाची ती सांगूक नाय, आणि एकदम फोडूचा इचारलास. पोरान आदी चूक पदरात घेवक सांगूची, मगे मागना मागूचा."

गुरव विचारात पडला. मग म्हणाला, "बरोबर. मगे सांगा, चूक कोणाची?"

मी उठायच्या आत त्या म्हणाल्या, "माजी. झर खयसून येता ता माका ठावक होता. मी गप रवलंय."

असं काही मी जन्मात ऐकलेलं नाही. त्यांची बाग जात होती, आणि चूक त्या आपल्या पदरात घेत होत्या. मी पुढं झाले.  पोरांसमोर एकतीस वर्षं बोलले, पण त्या वीस माणसांसमोर आवाज फुटेना. म्हणाले, "त्या गप्प राहिल्या कारण मी बोलले. तळ पक्का करा असं मी सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं मी म्हणाले नाही. माझं नाव घाला."

 गुरवमामानं तात्यांकडं पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. तात्यांनी खिशाचं पेन काढलं, पुसलं, परत ठेवलं. "माजाय घाल," ते म्हणाले. "माज्या काजींत पाणी साचला तेवाच माका संशय इल्लो."

मग गाऱ्हाणं सुरू झालं. गुरवमामाचा आवाज त्या बारीक अंगातून कुठून येत होता कोण जाणे.

"आई सातेरी, आज ही जी तुजी लेकरा तुज्या दारात उबी रवली आसत..."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात.

"कळत नकळत तेंच्या हातसून जी काय चूक झाली आसात, इंदूवयनी गप रवली आसात..."

"व्हय म्हाराजा."

"घाटावरसून इल्ल्या ह्या मास्तरीणबायेन चुकीचो सल्लो दिलो आसात..."

"व्हय म्हाराजा," आणि त्यात माझाही आवाज होता.

"भिकाजी कळान सवरान गप रवलो आसात, ती सगळी चूक पदरात घे, आणि तुजी वाट तुका मोकळी करूक लेकरांक हुकूम दी..."

"व्हय म्हाराजा."

माझी चूक वीस माणसांनी मोठ्यानं म्हटली आणि मला हलकं वाटलं. शाळेत चूक झाली की आम्ही तांबडी फुली मारतो, वही परत करतो, पोर एकटं पडतं. इथं चूक सगळ्यांनी मिळून उचलली.

पाकळी पडायला या वेळी आणखी उशीर लागला. उजवी पडली.

फरशी

पहिली पहार तात्यांनी मारली. त्यांनी घातलेली पहिली लादी त्यांनीच फोडली आणि तुकडे बाजूला नीट रचून ठेवले. खालचा काँक्रीटचा थर फुटायला दुपार झाली. त्याखाली दाबला गेलेला काळा चिखल. पाणी नाही.

विहीणबाई आत उतरल्या, चिखलात कोपरापर्यंत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. "काय लागना नाय," म्हणाल्या आणि वर आल्या. सगळे घरी गेले. मला जेवण गेलं नाही. पाण्यानं एकदा दुसरी वाट धरली की ते परत येईलच असं नाही, हे मला पुस्तकातून पक्कं ठाऊक होतं, आणि त्या संध्याकाळी ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

उजाडताना विहीणबाईंनी मला हलवून उठवलं. आम्ही दोघी चालतच सुटलो. खड्ड्यात ओंजळभर गढूळ पाणी होतं आणि त्याच्या मधोमध वाळूचे कण उकळल्यासारखे वर-खाली नाचत होते. त्यांनी माझा हात धरून आत घातला. गुदगुल्या झाल्या. मी रडले, लपवून ठेवलं नाही. त्याही रडल्या असतील, पण त्यांनी तोंड धुतलं होतं.

दुपारपर्यंत पाणी निवळलं, टाकी गुडघाभर भरली. संध्याकाळी ते काठावरून व्हाळात उतरलं. झरीच्या खाली व्हाळावर दगड-मातीचा बंधारा आहे, तो पाणी पाटात वळवतो. वाडी तिथं जमली होती. पहिली पाळी विहीणबाईंची. पाणी बंधाऱ्यापर्यंत आलं आणि पाटाच्या तोंडाशी घुटमळलं.

विहीणबाई पाण्यात उतरल्या. मला वाटलं तोंड मोकळं करतील. त्यांनी ओला चिखल घेऊन पाटाचं तोंड लिंपून बंद केलं आणि बंधाऱ्याचे दगड काढायला लागल्या.

"इंदूवयनी, काय करतस?" तात्या ओरडले. "बाग जातली."

"पाळी माजी आसा मा? तीन दिस माजे. माज्या पाळयेचा पाणी मी कोंडीक दितंय. मगे तुमची पाळी, तुमी पाटात घेवा."

"आणि तुजी परत कदी येतली? बारा दिसांनी?"

"पोफळी वायच तानल्यो तरी रवतत," त्या दगड उचलत म्हणाल्या. "माशांक तीन दिस नाय."

कुणी वाद घातला नाही. पाळी त्यांची होती, आणि पाळीवरून इथं भांडत नाहीत. तात्या विजार वर करून पाण्यात उतरले आणि एक मोठा दगड त्यांनी हलवला. मीही उतरले, अनवाणी. नोकरीत असताना मी मुलांना शिकवलं होतं की समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं. ते वाक्य आता मला एकेका मुलाकडं जाऊन परत मागावंसं वाटतं.

मी निघाले त्या सकाळी कोंडीवर गेलो. झरीची धार खडकावरून आत पडत होती. जिथं ती पडत होती तिथं सगळे मासे दाटीनं, धारेकडं तोंड करून उभे होते. त्यांच्या काळ्या पाठी थंड पाण्यात डुलत होत्या. एकही वर तोंड काढत नव्हता. विहीणबाईंच्या बागेत त्या दिवशी पाणी नव्हतं, आणि त्या कोंडीच्या काठावर बसून शांतपणे काजूगर सोलत होत्या. अशी विहीण लेकीच्या नशिबानं मला मिळाली, याचं मला त्या घटकेला फार अप्रूप वाटलं.

बोअरची गाडी तात्यांनी फोन करून परत पाठवली, हे एसटीत बसल्यावर कळलं.

घरी येऊन महिना झाला. परवा त्यांचा फोन आला. त्या फारसा फोन करत नाहीत, त्यांना बटणं सापडत नाहीत.

"विहीणबाय," त्या म्हणाल्या, आणि नातवंड पहिलं आल्याचं सांगावं तसा आवाज होता, "कोंडीतलो तेवापासून एकय मासो मरूक नाय."

मी विचारलं, "आणि पोफळी?"

"आठ गेल्यो," त्या म्हणाल्या. "जेवलात काय?"